पायरवाडीचा देव का रडत होता

गर्दी एकदम गप्प झाली. छत्र्या मिटल्या, आयांनी कडेवरच्या पोरांच्या तोंडांवर हात ठेवले आणि श्रावणातला पाऊस अंगावर घेत अख्खी पायरवाडी भिंतीवरच्या देवाकडे बघत राहिली. पांढऱ्या घोड्यावर बसलेला जोतिबा, हातात खड्ग, मिशा अशा की तालमीतल्या वस्तादाने हेवा करावा. त्या रंगवलेल्या डोळ्यांतून गुलाबी पाण्याची धार सुटली होती आणि गालावरून ओघळत मिशीत जिरत होती.

"रडालाय बघा देव," पुढच्या रांगेतली एक बाई हुंदका आवरत म्हणाली, आणि मग 'चांगभलं'च्या गजरात कुणाचंच काही ऐकू येईना.

पायरवाडी ही जोतिबाच्या डोंगराच्या कुशीतली लहानशी वाडी. मागे डोंगर, पुढे ऊस. मागे एका पावसाळ्यात डोंगराचा लचका तुटून गोठ्यांवर आला, तेव्हा सरकारने घरांच्या पाठीशी दोन पुरुष उंचीची दगडी भिंत बांधून दिली. आजवर ह्या वाडीला ओळखणारा बाहेरचा माणूस म्हणजे दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर. आता पन्हाळ्याला निघालेल्या मोटारी वाट वाकडी करून इथे थांबत होत्या, आणि देवळाच्या दारात मिळतो त्याहून महाग नारळ वाडीत खपत होता.

ह्या वैभवाचे धनी पाझरबुवा. त्यांचं खरं नाव, गाव, पूर्वीचा धंदा ह्यातलं काहीही कुणी विचारलं नव्हतं. भिंतीला टेकून त्यांनी पत्र्याची शेड ठोकली होती. तिच्यात फुलांचा ढीग, उदबत्त्यांचा धूर आणि मधोमध बुवा.

"देव पायापास्नं जागा झालाय," बुवा सांगत होते. "आदी घोड्याच्या खुरातनं आला. मग हातातनं. आता डोळ्यांतनं आलाय. ह्ये तीर्थ गुडघ्याला लावा, गुडघा धावाय लागंल. उसावर फवारा, हुमणीची कीड मरंल. जावयाला पाजा, जावई सुधरंल."

गुडघा, ऊस आणि जावई हे तिन्ही असाध्य रोग एकाच पाण्याने बरे करणारा वैद्य कोल्हापूर जिल्ह्यात तरी दुसरा नव्हता. लोक हसले, पण बाटल्या सगळ्यांनी पुढे केल्या.

गर्दीच्या मागच्या टोकाला संयोगिता उभी होती. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका कचेरीत ती इंजिनिअर होती. डोंगर अडवायच्या भिंतींचे नकाशे तिच्या टेबलावर येत. भिंत किती उंच, पाया किती रुंद, पायाखालची माती किती ओझं पेलेल, हे तपासून सही करायची हे तिचं काम. ह्या भिंतीचा नकाशाही तिनेच तपासला होता. सगळे देवाच्या डोळ्यांकडे बघत होते तेव्हा ती घोड्याच्या पोटाकडे बघत होती.

नकाशात त्या भिंतीला ओळीने भोकं होती. मागे साठलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून ठेवलेली. समोरच्या भिंतीवर एकही भोक दिसत नव्हतं. दिसत होता गुळगुळीत गिलावा आणि त्यावर देखणा घोडा. आणि घोड्याच्या पोटाजवळ भिंतीलाही पोट आलं होतं.

---

ती आली होती आत्तीला बघायला. तानाबाई ही तिच्या वडिलांची बहीण. संयोगिताची आई लवकर गेली, तेव्हा तिच्या वेण्या घालणारी, तिला शाळेत पाठवणारी आत्तीच. भिंतीसमोरची मोकळी जागा ओलांडली की आत्तीचं मागचं दार. त्या दारात, ओल्या पोत्यावर, आत्ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, इतकी ती वाळली होती.

"जेवलीस काय आत्ती?"

"पोरगं रडाय लागल्यावर आईच्या घशाखाली घास कसा उतरंल गं?" आत्ती म्हणाली.

संयोगिताने भिंतीवरच्या देवाकडे बघितलं. ते चित्र कृष्णातने काढलं होतं. कृष्णात म्हणजे आत्तीचा एकुलता एक लेक. जिल्हाभर दुकानांच्या पाट्या, मंडळांचे फलक रंगवत फिरायचा. चैत्रातल्या यात्रेआधी वाडीच्या तालीम मंडळाने ठरवलं, की एवढी मोठी भिंत मोकळी कशाला ठेवायची, तिच्यावर देव काढू. पोरांनी गिलावा केला आणि कृष्णातने घोडा उभा केला. असा घोडा पंचक्रोशीत कुणी काढला नव्हता. यात्रा झाली आणि वारणानगरला एक पाटी रंगवून परत येताना त्याची मोटारसायकल उसाच्या ट्रॅक्टरवर गेली. तो गेला तेव्हा देवाच्या अंगावरचा रंग अजून वाळतोय असं वाटावं, इतका ताजा होता.

"बुवा म्हंत्यात, त्येचा जीव चित्रात गुतलाय," आत्ती सांगत होती. "त्येला सुटाय ईना म्हणून रडालाय. आईनं समोर बसून ऱ्हायाचं. आपुन उठलो की त्येला जास्ती तरास हुतोय."

"आत्ती, तू माझ्यासंगं कोल्हापूरला चल. ही भिंत बरी न्हाई."

"त्येला सोडून?" आत्तीने तिच्याकडे असं बघितलं, की संयोगिताने तो विषय तिथेच टाकला.

तिने घरातलं एक कुलूप दोऱ्याला बांधलं आणि कडेच्या पायऱ्यांनी चढून भिंतीच्या माथ्यावरून खाली सोडलं. गवंड्याचा ओळंबा असतो तसाच. दोरा सरळ खाली आला. भिंत त्याच्यासोबत आली नाही. वरचा काठ आत्तीच्या घराकडे कलला होता. खाली येऊन भिंतीच्या तळाशी तिने बोट खुपसलं, तर माती लोण्यासारखी आत गेली.

---

सरपंच बाळासो गोठ्यात धार काढत होते. संयोगिताचं ऐकून घेताना त्यांनी हात थांबवला नाही.

"भोकं पाडा म्हणताय. देवाच्या चित्रात?"

"बाळासोकाका, लई पाऊस लागला की तुम्ही उसाच्या बांधाला काय करता?"

"सांडवा काढतो की. न्हाईतर पाणी तुंबून बांध घेऊन जातंय."

"मग ह्या भिंतीचा सांडवा बुजवलाय. मागं अख्ख्या डोंगराचं पाणी तुंबलंय. कोरडी माती भिंतीला जेवढं रेटते, त्याच्या किती तरी पट ओली माती आणि पाणी मिळून रेटतंय. आणि पायाखालची जमीन भिजलीय. आम्ही जमीन तपासली तेव्हा ती भिंतीचं ओझं पेलत होती. ते निचरा होणार हे धरून. आता ती चिखल झालीय. चिखलावर भिंत उभी राहत न्हाई."

बाळासोंचे हात थांबले. शेतकरी माणूस, त्यांना कळायला वेळ लागला नाही. पण कळणं वेगळं आणि उठून उभं राहणं वेगळं.

"मला पटलं हो," ते हळूच म्हणाले. "पर त्या गर्दीत जाऊन म्या पहार उचलली, तर भिंत पडायच्या आदी मी पडंन. एक हाय. चित्र तानाक्काच्या पोराचं. ती व्हय म्हणाली, तर न्हाय म्हणायची कुणाची छाती न्हाय."

म्हणजे सगळं येऊन थांबलं ते आत्तीपाशी. आणि आत्ती भिंतीसमोरून हलायला तयार नव्हती.

परत येताना संयोगिताने बुवाच्या तीर्थाचे दोन थेंब रुमालावर घेतले. ह्या डोंगराची माती तांबडी. तिचं पाणी कापडावर वाळलं की विटकरी डाग पडतो. हा डाग गुलाबीच राहिला. जन्मापासून यात्रेत न्हालेल्या पोरीला तो रंग सांगायची गरज नव्हती. गुलाल होता तो.

रंगाचं कोडं सुटलं तसं दुसरं पुढे आलं, आणि ती जागीच थांबली. पाणी खाली वाहतं. देवाचे डोळे भिंतीच्या माथ्यापासून थोडेच खाली आहेत. तिथपर्यंत पाणी चढवायचं तर मोटर लागेल. शेडमध्ये वीज नाही, टाकी नाही. मोटर नसेल, तर मागे तेवढंच उंच पाणी उभं असलं पाहिजे. बुवा म्हणतात, देव आधी खुरातून आला, मग हातातून, मग डोळ्यांतून. भिंतीमागे पाणी कुठपर्यंत चढलंय, ते देव रोज सांगत होता आणि लोक त्याला नारळ फोडत होते.

---

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गर्दी जमली. आत्ती पुढेच होती. बुवांनी डोळे मिटले, ओठ हलवले, फुलांच्या ढिगात हात घातला, आणि थोड्या वेळाने वर धार सुटली.

"बुवा," संयोगिता पुढे येत म्हणाली, "तुमचा हात फुलांत गेल्याशिवाय देवाला रडू येत न्हाई व्हय?"

"पावणं कुठलं म्हणायचं?" बुवा गोड हसले. "पोरी, शंका हा मनाचा गंज हाय. तीर्थ घे, गंज जाईल."

"तीर्थ नको. फुलं बघू द्या."

बुवा आडवे येईपर्यंत तिने फुलं दोन्ही हातांनी बाजूला सारली. खाली भिंतीतलं एक भोक होतं, उघडं केलेलं. त्यात लाकडी बूच, बुचातून निघालेली दवाखान्यातली सलाईनची नळी. नळी एका लहान बाटलीत उतरत होती, बाटलीत गुलाल, आणि तिथून पुढे गिलाव्यात खाच पाडून, वरून रंग मारून, नळी वर देवाच्या डोळ्यांकडे गेली होती. बाटलीच्या अलीकडे ते छोटं चाक. सलाईन कमी-जास्त करायला नर्स अंगठ्याने फिरवते ते.

लोक बघत राहिले. ज्याच्या घरात म्हातारं माणूस आजारी पडलेलं नाही असं घर वाडीत नव्हतं, त्यामुळे ते चाक सगळ्यांच्या ओळखीचं होतं.

संयोगिता ते चाक स्वतः फिरवू शकली असती. ती आत्तीकडे वळली.

"आत्ती, इकडं ये. तू फिरव."

तानाबाई उठली. गुडघ्यावर हात रेटत आली आणि शेडमध्ये बसली. तिने अंगठा चाकावर ठेवला आणि भिंतीकडे बघत फिरवला. वरची धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली. तिने उलटं फिरवलं. देव पुन्हा रडायला लागला. तिने परत थांबवलं. परत सोडलं. त्या बाईचा चेहरा बघवत नव्हता, म्हणून लोकांनी माना खाली घातल्या.

मग मागून कुणीतरी शिवी हासडली आणि पोरं बुवांवर धावली. बुवा भिंतीला पाठ लावून हात जोडून उभे राहिले. "मारू नगासा," ते म्हणाले. मघाचा गोडवा कुठच्या कुठे गेला होता. "मी नळजोडणीची कामं करायचो. निस्ती नळी लावलीया. पाणी माजं न्हाई. मोटर न्हाई, काय न्हाई, त्ये आपल्या आपुनच वर चढतंय. पयल्यांदा खुरापतुर यायचं. मला बी नवल वाटलं."

"ऐकलंत?" संयोगिता पोरांच्या आडवी येत म्हणाली. "ह्याने खोटं एवढंच सांगितलं, की देव रडतो. पाणी डोळ्यांपर्यंत चढलंय हे खरं आहे. ह्या भिंतीमागं डोळ्यांच्या उंचीइतकं पाणी उभं आहे. बुवाला सोडा. पोलीस बघतील त्याचं. आधी भिंतीखालची घरं मोकळी करा, म्हशी सोडा."

लोक बाळासोंकडे बघायला लागले, बाळासो तानाबाईकडे. तानाबाई अजून चाकापाशीच बसली होती.

"संयू," ती म्हणाली, "भोकं कृष्णातनंच बुजिवली. एकेक भोकात कागदाचं बोळं घातलं, वर शिमिट लावलं. देवाच्या घोड्याला भोकं बरी दिसत न्हाईत, म्हणाला. म्हंजे चूक माज्या पोराची?"

"न्हाई आत्ती. ती भोकं कशाला ठेवलीत हे त्याला कुणी सांगितलंच न्हाई. नकाशाच्या कागदावर लिहिलं होतं. कागद वाडीत कुणी वाचला?"

तानाबाईने चाकावरचा हात काढला. मग उठली आणि आयुष्यभर आवाज न चढवलेली ती बाई बाळासोंना म्हणाली, "उगडा. माज्या पोरानं बुजिवलंय, मी सांगत्या उगडा."

भिंतीसमोर कुणी उभं राहायचं नाही, असं संयोगिताने बजावलं. कडेच्या पायऱ्यांवरून, लांब पहारीने, घोड्याच्या शेपटीखालचं पहिलं भोक फोडलं. आत्तीने पहारीला हात लावला, मग बाकीच्यांनी जोर दिला. गिलाव्याचा पापुद्रा पडला, कागदाचा बोळा बाहेर आला आणि मागून तांबड्या गढूळ पाण्याचा असा लोट सुटला, की समोरच्या घराच्या भिंतीवर जाऊन आदळला. दुसरं भोक फोडलं तेव्हा शेपटीचे तुकडे पडले. तिसऱ्याला मागचा पाय गेला. तेवढ्यात संयोगिताला भिंतीच्या तळाशी नवी भेग दिसली आणि तिने सगळ्यांना मागे ओढलं. फार उशीर झाला होता. वरचं पाणी उतरेल, पण पायाखालची जमीन मेली होती, तिला पुन्हा ताकद यायला महिने लागले असते.

वाडी शाळेत गेली. म्हशी पटांगणात बांधल्या. सकाळी, लोक चहा पीत असताना, डोंगराकडून मोठं ओझं टाकल्यासारखा आवाज आला. भिंत पडली होती. आत्तीचं मागचं दार, माजघर, चूल, सगळं दगडमातीखाली गेलं. शेजारची घरंही गेली. माणूस एकही गेलं नाही.

घोड्याचा आणि देवाचा मात्र मागमूस उरला नाही. त्या चिखलात रंगाचा कपचा शोधायलाही कुणी गेलं नाही.

---

दुपार व्हायच्या आत शाळेच्या व्हरांड्यात बोलणं सुरू झालं. मंडळाचा एक पोरगा म्हणाला, "काय बी म्हणा, देवानं भिंत आपल्या अंगावर घेतली म्हणून गाव वाचलं. तितंच देऊळ बांधाय पायजे." दोघातिघांनी माना डोलावल्या. एक थोतांड गाडलं नाही तोवर दुसऱ्याची कुदळ पडत होती. संयोगिताच्या अंगात भांडायचं त्राण नव्हतं.

उत्तर दिलं ते तानाबाईने.

"गाव उठून पळालं म्हणून वाचलं," ती कोपऱ्यातून म्हणाली. "देवाच्या भरवशावर बसली हुती ती मी. मी तितंच मेले असते. नवी भिंत बांधतील, तिला भोकं ठेवा. देव काढायचा तर भोकं सोडून काढा. आन् दर पावसाळ्याला त्यात काठी घालून बगा, पाणी यतंय का."

त्या म्हातारीच्या बोलण्यात जे आहे, त्यापुढे ह्या गोष्टीलाही फार सांगायचं नाही. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी तो कुठून येतो ते बघावं. फुलं बाजूला सारावीत, भिंतीमागे जाऊन यावं, विचारावं. विचारल्याने देव रागावत नाही. न विचारल्याने घरं जातात, आणि बुवा लोकांच्या मेलेल्या पोरांना रडायला लावतात.

पाऊस थोडा उघडला होता. संयोगिता आत्तीच्या शेजारी येऊन बसली. आत्ती डोंगराकडे बघत होती.

"संयू, एक खरं सांग. त्यो रडत न्हवता न्हवं?"

"न्हाई आत्ती."

"एकदा बी न्हाई?"

"एकदा बी न्हाई. ते डोंगराचं पाणी होतं."

"मी इतकं दिवस बसले. मला वाटायचं, त्येला कुटं तरी दुखतंय आन् मला जाता येत न्हाई." आत्तीने पदराने तोंड पुसलं. "त्येला काय दुखत न्हवतं म्हंजे."

"काही दुखत न्हवतं."

आत्तीने डोळे मिटून घेतले. शाळेच्या चुलीवर बायका भाकऱ्या थापत होत्या, तो आवाज येत होता. मग तिने संयोगिताच्या मांडीवर हात ठेवला.

"बग की गं, भाकरी झाली असंल तर आण," ती म्हणाली. "भूक लागलीया."

संयोगिताने गरम भाकरी आणि पिठलं आणलं. तानाबाईने घास मोडला, तोंडात घातला आणि चावता चावता ती रडायला लागली. कृष्णात गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती. आजवर तिच्या वाटचं ती भिंत रडत होती.